पळणारा चालक, न सापडणारा मालक

मनमाडजवळच्या पानेवाडीत, इंधन डेपोंपाशी, टँकर उभे राहिले की नाशिकमध्ये लगेच दोन तट पडतात. एका तटाचे म्हणणे ठरलेले: मूठभर चालकांनी शहर वेठीला धरले, परवाने रद्द करा, मेस्मा लावा, पोलीस बंदोबस्तात गाड्या बाहेर काढा. दुसऱ्याचेही ठरलेले: गरिबाच्या पोटावर पाय देणारा काळा कायदा आहे, मागे घ्या. १ जानेवारी २०२४ रोजी धडक देऊन पळणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैद सांगणाऱ्या, भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२)विरुद्ध देशभर चालकांनी स्टिअरिंग सोडले तेव्हा हाच सवाल-जवाब रंगला. पंपांवर रांगा लागल्या, टाकी फुल करून वर बाटल्याही भरून घ्यायला लोक निघाले, प्रशासनाने मध्यस्थी केली, टँकर सुटले आणि वाद जिथल्या तिथे राहिला. नवी संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली ती हे एक पोटकलम वगळून. ते लावण्याआधी वाहतूकदारांच्या संघटनेशी चर्चा करू, असे केंद्रीय गृहसचिवांनी संपाच्या दुसऱ्याच दिवशी सांगितले होते. म्हणजे प्रकरण बासनात गेले, निकालात निघाले नाही. उद्या ते बासन सुटेल तेव्हाही आपण 'वेठीला धरले' आणि 'काळा कायदा' एवढ्याच भांडवलावर भांडणार का?

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. धडक देऊन पळणाऱ्याला कडक शिक्षा व्हावी, याला माझी हरकत नाही. पण इंधनाचा टँकर चालवणाऱ्याच्या बाबतीत शिक्षेची वर्षे मोजण्याआधी त्याचा मालक कोण, हे ठरवायला हवे. त्याने सलग किती तास गाडी हाकायची, कुठे पाठ टेकायची, मालात घट आली तर ती कोणी भरायची, अपघातानंतर पोलीस ठाण्यात त्याच्या बाजूने कोण येऊन उभे राहायचे, यातल्या एकाही प्रश्नाला 'मी' म्हणून हात वर करणारे आज कोणी नाही. हुकूम सोडणारे चार आहेत, हमी घेणारा एकही नाही. हे असेच ठेवून तुरुंगाची मुदत वाढवली तर ज्याच्यासाठी कायदा केला त्या रस्त्यावर पडलेल्या जखमीच्या पदरात काय पडणार?

आता कायद्याच्या बाजूचे जे खरे आहे ते मान्य करू, कारण संपाच्या गदारोळात त्याची फार ओढाताण झाली. जुन्या दंडविधानाच्या कलम ३०४-अ मध्ये निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास जास्तीत जास्त दोन वर्षांची कैद होती. नव्या संहितेत ती पाच वर्षांपर्यंत गेली. दहा वर्षांपर्यंतची शिक्षा आहे ती बेदरकार गाडी चालवून मृत्यू घडवल्यावर पोलीस किंवा दंडाधिकाऱ्याला न कळवता पळून जाणाऱ्याला. म्हणजे जमावाच्या भीतीने पाच किलोमीटर पुढे जाऊन ज्याने ठाण्यात फोन केला तो या पोटकलमात बसत नाही. 'अपघात झाला की दहा वर्षे' ही घोषणा चुकीची होती. सात लाख रुपयांच्या दंडाचा आकडा तर व्हॉट्सॲपवरून घरोघर पोचला. कलमात दंड आहे, पण रक्कम कुठेही नाही. आणि कडक कायद्याची मागणी हवेतून आलेली नाही. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, त्यांतली तीस हजारांहून अधिक धडक देऊन वाहन पळून गेलेल्या अपघातांत. चांदवडच्या राहुड घाटात किंवा आडगावच्या पुढे रात्री अंधारात कोणी तडफडत पडला असेल तर त्याच्या बायकापोरांपुढे चालकाच्या अडचणींचे व्याख्यान देता येत नाही, आणि देऊ नये.

मी तर आणखी पुढे जाऊन म्हणेन की अपघातानंतर जागेवर थांबायलाच हवा असा चालक कोणी असेल तर तो इंधन टँकरचा. २५ जून २०१७ ला पाकिस्तानात बहावलपूरजवळ पेट्रोलचा टँकर उलटला. सांडलेले पेट्रोल भरून न्यायला आसपासच्या गावांतले लोक बादल्या-कॅन घेऊन धावले, आग भडकली, दोनशेहून अधिक माणसे गेली. आपल्याकडे निराळे घडेल अशी खात्री कोणी देईल का? कुठलाही टँकर कलंडला की पहिल्यांदा रुग्णवाहिका येते की डबे, हे महामार्गावर राहणाऱ्याला विचारावे. अशा वेळी त्या ठिकाणी एकच माणूस असतो ज्याला टाकीत काय आहे, ते किती धोक्याचे आहे आणि पहिल्या दहा मिनिटांत काय करायचे हे ठाऊक असते. बॅटरीचा कट-ऑफ खाली पाडायचा, वाऱ्याची दिशा पाहून लोकांना मागे हटवायचे, विडी-सिगारेट आणि चालू इंजिने दूर ठेवायची, अग्निशमन दलाला टाकीवरच्या फलकावरचा क्रमांक सांगायचा. पेट्रोलसाठी तो १२०३ असतो. तो चालक शेतातून पळून गेला तर मागे उरतो तो गळका टँकर आणि बघ्यांचा घोळका. तेव्हा त्याने थांबले पाहिजे, हे निर्विवाद. भांडण आहे ते तो कशाने थांबेल याचे.

दहा वर्षांच्या धाकाने थांबेल, असे कायदा म्हणतो. मग तो आज का पळतो? जमावाच्या भीतीने, हे उत्तर सगळेच देतात आणि ते बहाणा म्हणून उडवूनही लावतात. पण १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ मध्ये जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे हे चालकाचे कर्तव्य सांगताना, जमावाच्या संतापामुळे किंवा आवाक्याबाहेरच्या कारणाने ते शक्य नसल्यास त्याला सूट दिली आहे, आणि चोवीस तासांच्या आत ठाण्यात कळवायला सांगितले आहे. म्हणजे रस्त्यावर जमाव न्याय करतो हे १९८८ च्या संसदेला माहीत होते. मनमाडचे एक ओळखीचे चालक आहेत, मिसरूड फुटल्यापासून याच धंद्यात. ते म्हणाले, "सर, थांबलो तर पब्लिक मारणार, पळालो तर सरकार. सरकार मारायच्या आधी वकील तरी देतं." विनोद वाटेल, पण हा साधा हिशेब आहे, आणि शिक्षेची वर्षे वाढवल्याने यातली पहिली बाजू काडीनेही हलत नाही. शिवाय १०६(२) अजामीनपात्र आहे. जप्त झालेली गाडी मालक सुपूर्दनाम्यावर सोडवून नेतो आणि तिच्यावर दुसरा चालक बसवतो. पहिल्याचा पगार त्या दिवसापासून बंद. त्याला कोण सोडवून नेणार? सात लाखांची थाप चालकांनी डोळे झाकून खरी का मानली, याचे उत्तर इथे आहे. ज्याच्या मागे कोणी नाही त्याला वाईट बातमी पडताळून पाहावीशी वाटत नाही.

त्याच्या मागे कोणी नाही म्हणजे नेमके काय, ते त्याच्या कामाकडे जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. पानेवाडी हे मनमाडजवळचे, नांदगाव तालुक्यातले गाव. मुंबईहून जमिनीखालच्या वाहिनीने पेट्रोल-डिझेल इथवर येते. परिसरातल्या डेपोंतून टँकर भरतात आणि उत्तर महाराष्ट्रात, मराठवाड्याच्या काही भागात जातात. स्थानिक चालक म्हणजे महिनाभर घर न पाहणारा लांब पल्ल्याचा ट्रकवाला नव्हे. पहाटे गाडी लावायची, नंबर लागेपर्यंत थांबायचे, भरून झाली की चांदवड, पिंपळगाव, ओझर करत शहरात आणायची किंवा सावळघाट चढवून पेठला न्यायची, खाली करायची आणि परत. अंतर थोडे, रोज घरी, म्हणून काम सोपे असा समज आहे. पण मोबदला बहुतेक ठिकाणी खेपेवर, आणि खेपेला किती वेळ लागेल हे त्याच्या हातात नाही. रांगेत गेलेले तास कोणाच्याच वहीत चढत नाहीत. २०२३ च्या नोव्हेंबरात मनमाडच्या रेल्वे उड्डाणपुलाचा भाग ढासळला आणि अवजड वाहनांना वळसे पडले. त्या वळशांचे तासही असेच हवेत गेले. मग दुसरी खेप साधायची तर वेळ कुठून काढायचा? झोपेतून किंवा वेगातून.

टँकर पंपावर आला की पुढचा वेळ एकदा बाजूला उभे राहून बघावा. गाडी सपाट जागी, इंजिन बंद. आधी अर्थिंगची तार जोडायची, बाकी सगळे नंतर. आत हिंदकळणारे पेट्रोल स्थिर होईपर्यंत थांबायचे. कुलपांचे आणि सीलचे नंबर चलनाशी ताडायचे, शिडीने वर जायचे, झाकण उघडायचे, प्रत्येक कप्प्यात गज सोडून डिप, म्हणजे मालाची उंची, घ्यायची, गजाच्या टोकाला पेस्ट लावून तळाशी पाणी नाही ना ते बघायचे. मग उंच बरणीत नमुना काढून घनता आणि तापमान मोजायचे, तक्त्यावरून घनता १५ अंशांवर आणायची आणि चलनावरच्या आकड्याशी भिडवायची; घनमीटरमागे तीन किलोपेक्षा जास्त फरक निघाला तर माल उतरवायचा नाही. हे सगळे जुळले की होज लागतो. मे महिन्याच्या दुपारी त्या टाकीच्या पत्र्यावर हात ठेववत नाही आणि झाकण उघडले की वाफेने डोके भणभणते. खाली आपण हॉर्न वाजवत असतो, कारण टँकर खाली होईपर्यंत पंप बंद ठेवलेला आपल्याला खपत नाही. हे काम डीलरचा माणूस आणि चालक मिळून करतात, आणि यातली कुठलीही पायरी गाळली तर काय होते हे चालकाला पाठ असते.

या माणसाला आपण 'नुसता ड्रायव्हर' समजतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ चा नववा नियम तसे समजत नाही. धोकादायक माल नेणाऱ्या चालकाला साध्या परवान्यावर भागत नाही. तीन दिवसांचे प्रशिक्षण लागते, परवान्यावर वेगळी नोंद लागते, ती दर तीन वर्षांनी नवी करावी लागते, आणि त्याला एक भारतीय भाषा व इंग्रजी लिहिता-वाचता यावी, असेही नियमात आहे. केबिनमध्ये आपत्कालीन सूचनांचे ट्रेम कार्ड, बाहेर अग्निशामक, सायलेन्सरवर ठिणग्या अडवणारा स्पार्क अरेस्टर. गाडीवर जीपीएस, ठरलेला रस्ता सोडला, नको तिथे थांबली, की नियंत्रण कक्षात दिसते. कुलूप कुठे उघडायचे तेही कंपनीची यंत्रणा ठरवते. पेहराव, मार्ग, वेग, थांबा सगळे वरून ठरते. आता याच माणसाला पगार कोण देतो, असे विचारा. तेल कंपनी म्हणते, आमचा करार ट्रान्सपोर्टरशी. ट्रान्सपोर्टर म्हणतो, ही गाडी माझी नाही, माझ्याकडे लावलेली आहे. गाडीवाला म्हणतो, माझी एकच गाडी, मी कसला उद्योजक? काही टँकर तर पंपमालकाचेच असतात. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती, पण तो लागू व्हायला आस्थापनेत किमान पाच कामगार लागत. ताफा कागदोपत्री तुकड्यांत वाटला की चालक कायद्याबाहेर. पुढे २०२० च्या श्रमसंहितेत तो कायदा विलीन झाला. तुकडे मात्र तसेच राहिले.

घटीचा प्रश्न याच तुकड्यांत अडकतो. पेट्रोल एक अंशाने थंड झाले तर हजार लिटरमागे साधारण एक लिटर आकसते. वीस हजार लिटरचा टँकर दुपारच्या उन्हात भरला, नंबर लागून पंपावर खाली व्हायला रात्र झाली आणि माल पाच अंशांनी उतरला, तर शंभरेक लिटर कुठे गेले ते भौतिकशास्त्राला विचारावे लागेल. शंभर रुपयांच्या वरच्या भावाने ती दहा हजारांची घट झाली. कंपनीकडे तापमानाचे तक्ते आहेत, पंपावर घनता मोजली जाते, म्हणजे खरी घट आणि चोरीची घट वेगळी काढता येते. तरीही अनेक ठिकाणी ती बिलातून ट्रान्सपोर्टरकडे, तिथून गाडीवाल्याकडे आणि शेवटी चालकाच्या हिशेबात उतरते, कारण त्याच्या खाली ढकलायला कोणी उरत नाही.

इथे वाचक म्हणेल, चोरी होतेच की! होते. आणि पानेवाडीच्या संदर्भात हा आक्षेप हलक्यात घेण्याचा कोणाला अधिकार नाही. २५ जानेवारी २०११ ला मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना याच पानेवाडीजवळ भरदिवसा जाळून मारले. टँकरमधून इंधन काढले जाताना त्यांनी पाहिले, मोबाइलवर चित्रण सुरू केले आणि भेसळ करणाऱ्या टोळीने त्यांना पेटवून दिले. त्या दिवसापासून टँकरचालक आणि भेसळखोर हे आपल्या मनात एकाच ओळीत बसले आहेत. पण भेसळीचा धंदा कशावर उभा होता? रेशनचे निळे रॉकेल आणि डिझेल यांच्या भावातल्या दरीवर. दर लिटरमागे एवढा नफा सरकारी दरपत्रकानेच ठेवला होता की तो उचलायला ढाबेवाले, दलाल, काही पंपवाले आणि काही चालक अशी साखळी सहज जमली. पुढे डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून सुटले, रॉकेलचा कोटा आणि अनुदान आटत गेले, टँकरना कुलपे आणि जीपीएस आले आणि त्या धंद्यातला रस गेला. ज्यांनी सोनवणे यांना मारले त्यांना शिक्षा व्हायलाच हवी होती, त्यात दुमत नाही. पण भेसळीची मुळे सुकली ती व्यवस्था बदलल्यावर. चालकाकडे फक्त संशयित म्हणून पाहून ती सुकली नसती. आणि चोरीच्या मालाला गिऱ्हाईक लागते; ते गिऱ्हाईक स्टिअरिंगवर बसलेले नसते.

सोनवणे यांच्या हत्येनंतर दोनच दिवसांनी राज्यभरातल्या लाखो सरकारी कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवले. कार्यालये ओस पडली, लोकांची कामे अडली. तेव्हा कोणी 'राज्य वेठीला धरले' म्हटल्याचे मला आठवत नाही, आणि म्हणायलाही नको होते. सहकारी कामावर असताना मारला जातो तेव्हा बाकीच्यांनी हात थांबवून संरक्षण मागणे सगळ्यांना पटले. मग तेराएक वर्षांनी त्याच परिसरात टँकरचालकांनी 'जमावापासून आमचे रक्षण कोण करणार' असे विचारत हात थांबवले तेव्हा आपली न्यायबुद्धी कुठे गेली? फरक एवढाच की पहिल्या बंदने आपला दाखला अडला आणि दुसऱ्याने पेट्रोल. इंधन अत्यावश्यक आहे, दवाखान्याची जनरेटर आणि रुग्णवाहिका डिझेलवर चालतात, त्यामुळे बेमुदत संपाला मर्यादा हवी, हे मला मान्य आहे. पण जी सेवा फक्त संपाच्या दिवशी अत्यावश्यक असते आणि पगाराच्या दिवशी कंत्राटी, तिच्यातल्या माणसाला कर्तव्याची आठवण कोणत्या तोंडाने करून द्यायची?

मनमाडला तर हे समजावून सांगायची गरज पडू नये. ते रेल्वेचे गाव आहे. एकाच आळीत एका घरी इंजिनचालक राहतो, शेजारी टँकरचालक. दोघेही जड, धोकादायक यंत्र घेऊन धावतात. इंजिनचालकाची ड्यूटी साइन ऑनपासून साइन ऑफपर्यंत लिहिली जाते, मुक्कामी रनिंग रूममध्ये खाट आणि जेवण असते, गाडी हाती घेण्याआधी श्वासाची चाचणी होते. गंभीर अपघात झाला तर चौकशी करणारा रेल्वे सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नसतो, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतो, म्हणजे सिग्नल चुकला की माणूस चुकला हे वेगळे काढता यावे. हे कोणी दया म्हणून दिलेले नाही. ऑगस्ट १९७३ मध्ये लोको रनिंग स्टाफने संप केला तेव्हा दहा तासांच्या ड्यूटीचे तत्त्व सरकारने मान्य केले. पुढच्या वर्षी ८ मे ते २७ मे असा देशव्यापी रेल्वे संप झाला. तो मोडून काढला, हजारो लोक तुरुंगात गेले. देश वेठीला धरल्याची भाषा तेव्हाही होती. इंजिनचालकांची तासांबद्दलची तक्रार आजही संपलेली नाही, पण झोपलेल्या माणसाच्या हाती गाडी देऊ नये, या मुद्द्यावर आता कोणी वाद घालत नाही. शेजारच्या घरातल्या माणसासाठी मात्र तो अजून वादाचा मुद्दा आहे.

यावर एक चांगला प्रतिवाद आहे. रेल्वेला एकच मालक आहे. टँकरचे मालक शेकडो. रनिंग रूम कोणी बांधायची, तास कोणी मोजायचे? पण विखुरलेल्या मालकांचा प्रश्न महाराष्ट्राने एकदा सोडवून दाखवला आहे. हमाल सकाळी एका व्यापाऱ्याचे पोते उचलतो, दुपारी दुसऱ्याचे. त्याचा मालक कोण, या प्रश्नाला वर्षानुवर्षे 'कोणीच नाही' हेच उत्तर होते. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यानंतर १९६९ चा माथाडी कायदा आला आणि त्याने मालक शोधण्याचा नादच सोडला. मंडळात हमालाचीही नोंद आणि व्यापाऱ्याचीही. मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही, म्हणजे ठराविक जादा आकार, व्यापाऱ्याने मंडळात भरायची, तिथून हमालाला मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी. नाशिककर लगेच म्हणतील, ती लेव्हीच तर डोकेदुखी. एप्रिल २०२४ मध्ये हमाली-तोलाई-लेव्हीच्या वादात जिल्ह्यातले कांद्याचे लिलाव अडले. खरे आहे. मंडळांत दिरंगाई आहे, बोगस टोळ्यांच्या तक्रारी आहेत, शेतकऱ्याच्या पट्टीतून लेव्ही कापायचा प्रयत्न होतो. तरी पाठीवर पोते वाहणाऱ्या माणसाच्या नावावर म्हातारपणी चार पैसे निघतात, ते या कायद्यामुळे. शिवाय पानेवाडीत हे राबवणे बाजार समितीपेक्षा कितीतरी सोपे आहे. तिथे प्रत्येक लिटर मोजून, चलन फाडून, ठराविक फाटकातूनच बाहेर पडते. लेव्ही चलनावरच कापली तर एका गाडीच्या मालकाला रजिस्टरे ठेवत बसावे लागणार नाही, आणि गाडी कोणाच्या नावावर आहे हा खेळ निरर्थक ठरेल.

पेट्रोल महागेल? हिशेब करू. वीस हजार लिटरच्या खेपेमागे चालकाच्या निधीसाठी, विम्यासाठी, विश्रांतिगृहासाठी मिळून हजार रुपये काढले तर लिटरला पाच पैसे पडतात. १६ जून २०१७ पासून दर रोज ठरवण्याची पद्धत आली. लिटरमागे पाच पैसे इकडचे तिकडे झाले तर किती जणांना कळते? दुचाकीत पाच लिटर भरणाऱ्याला चार आण्यांचा फरक पडेल. तेव्हा परवडत नाही ही सबब पुढे करणाऱ्याने आकडा मांडावा.

२०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. रस्ते रुंद होतील, वाहनतळ होतील, लाखो भाविकांच्या गाड्यांना इंधन लागेल आणि त्याच चालकांच्या खेपा वाढतील. मंडळ, लेव्ही, कायदादुरुस्ती यांना वेळ लागणार, हे मी धरून चालतो. पण एक गोष्ट नव्या कायद्यावाचून, जिल्हा पातळीवर करता येईल. टँकरच्या जीपीएसची नोंद तेल कंपनीकडे असतेच. आज ती चालकाने वाट सोडली का, कुठे जास्त वेळ थांबला का, हे पकडायला वापरतात. टँकरच्या प्रत्येक गंभीर अपघातात तपास अधिकाऱ्याने आदल्या चोवीस तासांची हीच नोंद आणि डेपोच्या फाटकावरच्या वेळा मागवून पंचनाम्याला जोडाव्यात: गाडी कधी लावली, किती वाजता भरली, मधे इंजिन किती वेळ बंद होते, ही कितवी खेप. एकच गाडी आणि एकच चालक असेल तर तो किती तास जागा होता हे त्या कागदावर उघड होईल. मग १०६(२) लावायचेच असेल तर लावा, पण ज्याने त्याला सोळाव्या तासाला पुन्हा डेपोत पाठवले त्याचेही नाव आरोपपत्रात घालता येते का, हे सरकारी वकिलाने तोच कागद समोर ठेवून ठरवावे.